बॉर्डर कॉली आपल्या घराला झेपेल का?

‘टू बीएचकेत बॉर्डर कॉली राहील का?’ हा प्रश्न आम्हाला, म्हणजे कुत्र्यांना प्रशिक्षण देणाऱ्यांना, फोनवर सतत विचारला जातो. राहील. पंधरा-वीस किलोचं कुत्रं, त्याला झोपायला चटईएवढी जागा पुरते. बंगला आणि मोठं अंगण असूनही बिथरलेल्या कॉली आमच्याकडे येतात. म्हणून आम्ही उलट विचारतो, दिवसभर घरी कोण असतं? आणि त्या माणसाला रोज कुत्र्यासोबत काहीतरी करत बसायची आवड आहे का?

ही जात इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या सीमेवरच्या डोंगराळ भागातली. तिथल्या मेंढपाळांनी ती रूपावरून नाही, कामावरून निवडत आणली. १८९३ साली नॉर्थम्बरलंडमध्ये जन्मलेला ‘ओल्ड हेम्प’ हा आजच्या कॉलींचा मूळपुरुष मानला जातो. तो मेंढ्यांना वळवायचा तो न भुंकता, नुसत्या नजरेच्या धाकाने. ‘म्हणजे आपल्या धनगरांच्या कुत्र्यासारखंच ना?’ असं काही जण विचारतात. तसं नाही. धनगराचं कुत्रं मेंढ्यांचा वाडा राखतं, लांडगा आला तर त्याच्या अंगावर जातं, एरवी पडून असतं. हलणारं जे दिसेल ते वळवून एका जागी आणणं हा कॉलीचा स्वभाव. घरात मेंढ्या नसतात, मग सायकली, स्कूटर, पळणारी मुलं यांच्यावर तेच काम सुरू होतं. मुलांच्या टाचांना दात लावणारं पिल्लू रागीट नसतं, ते मुलांना हाकत असतं. पण लहान मुलाला लागायचं ते लागतंच.

आता ती चूक, जी निस्तरण्यात आमचा सगळ्यात जास्त वेळ जातो. पिल्लाने उच्छाद मांडला की घरचे त्याला दमवायचं ठरवतात. संध्याकाळी मैदानावर तासभर चेंडू, रात्री हॉलमध्ये लेझरचा लाल ठिपका. सुरुवातीला ते दमून झोपतं आणि सगळ्यांना वाटतं, जमलं. मग त्याचा दमसास वाढतो, तासाचे दोन तास होतात, आणि चेंडू समोर नसला तरी ते चेंडूच शोधत बसतं. लेझरचं तर आणखी वाईट. ठिपका कधी तोंडात सापडतच नाही, त्यामुळे पाठलाग संपत नाही. पुढे ते भिंतीवरच्या उन्हामागे, पंख्याच्या सावलीमागे, मोबाइलच्या काचेवरून पडलेल्या कवडशामागे लागतं. ही सवय मोडायला महिने लागतात. काही कुत्र्यांना डॉक्टरांचं औषध सुरू करावं लागतं, काहींची सवय पूर्ण जातच नाही. लेझर आजच फेकून द्या.

डोंगरावरचं कुत्रंही दिवसभर धावत नसतं. शिटी वाजली की जिथल्या तिथे बसायचं, कळप शांत होईपर्यंत हलायचं नाही, मालकाने पुरे म्हटलं की मेंढ्या सोडून परत यायचं, हे त्याला आधी शिकवतात. धावणं कॉलीच्या रक्तातच असतं. थांबणं मात्र आपण शिकवायचं असतं. म्हणून आमचा पहिला महिना चटईवर स्वस्थ पडून राहणं, सैल पट्ट्यावर चालणं, लांबून रहदारी बघत बसणं आणि लपवलेला खाऊ नाकाने शोधणं यातच जातो. एका वेळी पाच-दहा मिनिटं, दिवसातून अनेकदा. ‘याला पळवत का नाही?’ असं पालक विचारतात, त्याचं उत्तर हेच.

हजारावर खेळणी नावाने ओळखणाऱ्या अमेरिकेतल्या ‘चेझर’चा व्हिडिओ बरेच जण पाठवतात. ती बॉर्डर कॉलीच होती. तिला शिकवणारे मानसशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक त्यासाठी तीन वर्षं रोज चार-पाच तास देत होते, हेही लक्षात घ्या.

उन्हाळ्यात फिरणं सकाळी लवकर किंवा रात्रीच. काही कॉली जोरदार खेळानंतर लडखडतात, कोसळतात. उकाड्यात हा धोका वाढतो आणि कुत्रं आपणहून थांबत नाही. अंगावरचे दोन थरांचे केस भादरू नका, नुसते विंचरा. जंत, गोचीड, खरूज यांसाठी आयव्हरमेक्टिन देण्याआधी डॉक्टरांना जात सांगा. कॉलीच्या वंशात एक जनुकीय दोष सापडतो, त्यात या औषधाची मोठी मात्रा मेंदूवर परिणाम करते. त्यासाठी चाचणी करून घेता येते.

पिल्लू घेण्याआधी आम्ही घरी भेट द्यायला येतो आणि त्याचे पैसे घेतो, यावर काहींची नाराजी असते. आम्ही पिल्लं विकत नाही, ब्रीडरकडून कमिशन घेत नाही. त्यामुळे घर बघून ‘घेऊ नका’ म्हणायची आम्हाला मोकळीक राहते, आणि ते आम्ही बऱ्याचदा म्हणतो. दोघं नोकरीला आणि घरी फक्त आजी, अशा घरी शांत स्वभावाचं, वयात आलेलं देशी कुत्रं दत्तक घ्या. ते शोधायला आम्ही मदत करतो. पुढे आमच्याकडे प्रशिक्षण घेतलंत तर भेटीचे पैसे त्यातून वजा होतात. ‘महिनाभर ठेवून घ्या आणि शिकवून द्या’ हे काम आम्ही घेत नाही. आमचं ऐकणारं कुत्रं घरी गेल्यावर तुमचं ऐकेलच असं नाही. शिकवणीला घरातल्या सगळ्यांनी, मुलांनीसुद्धा, बसायचं.

ब्रीडरकडे गेलात तर पिल्लाची आई प्रत्यक्ष बघा. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार ब्रीडरने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असावी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. नोंदणीचा कागद मागा. आई-बाप दोघंही मर्ल, म्हणजे ठिपक्याठिपक्यांच्या फिकट रंगाचे असतील तर ती पिल्लं घेऊ नका, त्यांत बहिरी-आंधळी निघण्याची शक्यता मोठी असते.

टोकन देण्याआधी फोन करा. घरात कोण कोण आहे, मुलांची वयं काय, कोण किती वाजता घरी येतं, एवढं सांगितलंत तर पुढचं बोलणं सोपं जातं. फोनवरच्या सल्ल्याचे पैसे नाहीत.