आराशीत आणि रंगमंचावर यंत्रपात्र: ऑर्डर देण्याआधी एवढं वाचा

गणपतीची आरास, शाळेचं स्नेहसंमेलन, हौशी मंडळीचं नाटक, नाहीतर एखाद्या नव्या शोरूमचं उद्घाटन. गिऱ्हाईक येतं, मोबाइलवर व्हिडिओ दाखवतं आणि म्हणतं, "भाऊ, अस्संच पाहिजे." व्हिडिओतलं यंत्र बहुतेक वेळा परदेशातल्या कुठल्यातरी प्रयोगशाळेचं असतं आणि त्याचे चांगले तेवढेच क्षण कापून जोडलेले असतात. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या मांडवात आणि नाट्यगृहात काय चालतं, ते या पत्रकात लिहिलं आहे.

हलता देखावा की यंत्रपात्र?

हलते देखावे आपल्याकडे नवे नाहीत. गाडीची वायपर मोटर, लोखंडी पट्टी आणि फायबरची मूर्ती एवढ्यावर हात वरखाली होत राहतो. या मोटरच्या गिअरची रचनाच अशी असते की लाईट गेली तरी वर गेलेला हात बहुधा वरच राहतो. एकच हालचाल दहा दिवस करायची असेल, तर हेच घ्या. आम्हीही हेच सुचवू.

यंत्रपात्र म्हणजे नटासारखं काम करणारा रोबोट, त्याला मात्र भूमिका असते. कोणत्या वाक्याला मान वळवायची, कुठे थांबायचं, कुणाकडे बघायचं, हे सगळं त्यात भरावं लागतं. त्याला सर्व्हो मोटर (सांगितलेल्या कोनात सांधा वळवून धरणारी) आणि तिला हुकूम देणारा कंट्रोलर लागतो. सर्व्होचा वीजपुरवठा तुटला की सांधा सैल पडतो. आशीर्वादाला उचललेला हात धपकन खाली आला की गंभीर प्रसंगाचा फार्स होतो. म्हणून यंत्रपात्रासोबत यूपीएस आम्ही सक्तीने देतो, त्याबाबतीत घासाघीस करू नका.

चेहरा माणसाचा नको

सगळ्यात जास्त वाद इथेच होतो. हुबेहूब माणूस करून द्या, असा आग्रह असतो. यंत्र माणसासारखं दिसत जातं तसं ते आवडू लागतं, पण जवळजवळ माणूस झालं की एकदम अंगावर येतं, हे मासाहिरो मोरी या जपानी अभियंत्याने १९७० सालीच मांडलं होतं. त्याच जपानात २००८ साली नाटककार ओरिझा हिराता आणि ओसाका विद्यापीठातले हिरोशी इशिगुरो यांनी नटांबरोबर रोबोट रंगमंचावर आणले. घरकामाला ठेवलेल्या रोबोटला काम करावंसंच वाटेनासं होतं, अशी गोष्ट. रोबोट साधे पिवळे, जेमतेम मीटरभर उंचीचे, चेहरा म्हणाल तर खेळण्यासारखा. तरी नाटक उभं राहिलं. हिराता नटांकडूनही थांबे आणि नजरा अगदी क्षणाच्या हिशेबात बसवून घेतात, यंत्राला तीच शिस्त लागू पडली.

आमचा अनुभवही तोच. प्रेक्षक फसतो तो वेळेवर झालेल्या हालचालीला. पंधरा सांधे सतत हलवले तर दोन मिनिटांत लोक कंटाळतात. सहा सांधे ठेवा, यंत्र बराच वेळ स्वस्थ बसू द्या आणि नेमक्या शब्दाला फक्त मान वळवा. पोरं ओरडतात.

बटण कोणाच्या हातात?

यंत्र चालवायच्या दोन पद्धती आहेत. एकात आवाज, लाईट आणि हालचाल सगळं एकाच ट्रॅकवर असतं. सुरू केलं की शेवटपर्यंत आपोआप. आराशीला हे उत्तम. नाटकाला मात्र धोक्याचं, कारण टाळ्या पडल्या की नट थांबतो, यंत्र थांबत नाही. नट वाक्य विसरला तरी ते आपलं उत्तर देऊन मोकळं होतं.

म्हणून नाटकात दुसरी पद्धत: विंगेत एक माणूस संहिता घेऊन बसतो आणि प्रत्येक क्यूला, म्हणजे ठरलेल्या शब्दाला किंवा खुणेला, बटण दाबतो. हा माणूस तुमच्या मंडळातला हवा, सगळ्या तालमींना हजर असलेला. आमचा तंत्रज्ञ मोटर सांभाळेल, पण तुमच्या नटाचा श्वास त्याला कळणार नाही. यंत्र रंगीत तालमीलाच पहिल्यांदा आणू नका. नटांना त्याच्यासमोर उभं राहायची सवय व्हायला वेळ लागतो, नाहीतर सगळे त्याच्याकडेच बघत बसतात.

वायरलेस आम्ही टाळतो. तपासणीच्या वेळी रिकाम्या नाट्यगृहात ते झकास चालतं, पण प्रेक्षक खिशात मोबाइल घेऊन येऊन बसले की सिग्नल अडखळू शकतो. वायर दिसते, पण दगा देत नाही.

आवाज तुमच्याच माणसाचा घ्या. कॉम्प्युटरचा तयार आवाज अहिराणी वाक्याची पार पुस्तकी मराठी करून टाकतो. यंत्राने खणखणीत "कसा शे भाऊ?" विचारलं की निम्मं काम झालं. फक्त रेकॉर्डिंग आधी पक्कं करा. ओठांची हालचाल त्यावर बसवलेली असते, नंतर एक वाक्य बदललं तरी ते काम पुन्हा करावं लागतं आणि त्याचे पैसे वेगळे.

आवाजाला प्रतिसाद देणारी कलाकृती

माणूस जवळ आला की वळणारी, टाळी वाजवली की दचकणारी मांडणी करता येते. शिल्पकार एडवर्ड इह्नाटोविच यांचं 'सेन्स्टर' हे सुमारे पंधरा फुटी यंत्र १९७० साली नेदरलँड्समध्ये आइंडहोव्हनला उभं राहिलं. हळू आवाजाकडे ते मान झुकवायचं आणि गोंगाट झाला की मागे सरकायचं. कल्पना सुंदर आहे, पण शेजारच्या मंडळाचा डीजे लक्षात घेता असं यंत्र आपल्याकडे दहाही दिवस मागेच सरकलेलं राहील. प्रदर्शनासाठी, कॉलेजच्या हॉलसाठी जरूर मागा.

ऊन, वजन, गर्दी

थ्रीडी प्रिंटरवर सर्रास वापरलं जाणारं पीएलए प्लास्टिक साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं. मे महिन्यात उन्हात उभ्या बंद टेम्पोत तेवढं तापमान सहज होतं, म्हणून आतले भाग आम्ही दुसऱ्या प्लास्टिकचे किंवा ॲल्युमिनियमचे करतो. यात्रेत यंत्र लावायचं असेल तर धुळीसाठी कापडी आवरणही लागतं.

वजन आधी विचारा. केरळात त्रिशूर जिल्ह्यातल्या इरिंजाडप्पिल्ली मंदिरात २०२३ साली आलेला यांत्रिक हत्ती सुमारे ८०० किलोंचा आहे. असलं काही फळ्यांच्या तात्पुरत्या स्टेजवर चढवता येत नाही.

आणि गर्दी. मोठ्या यांत्रिक हाताला समोर माणूस आहे की खांब, हे आपणहून कळत नाही. सुन युआन आणि पेंग यू या चिनी कलावंतांनी २०१६ साली औद्योगिक रोबोटची कलाकृती केली, तीही पारदर्शक भिंतींच्या आड ठेवली होती. आराशीत हात पोहोचणार नाही एवढ्या अंतरावर कठडा लागेल आणि यंत्र तत्काळ थांबवणाऱ्या लाल बटणापाशी एक जाणता माणूस. सेल्फीसाठी कठड्याच्या आत कोणालाही सोडायचं नाही, अध्यक्षांनासुद्धा नाही.

यायच्या वेळी

खर्च सांध्यांच्या संख्येवर ठरतो, उंचीवर कमी. येताना संहिता किंवा प्रसंगाचं टिपण, स्टेजची रुंदी-खोली, जागेचे फोटो आणि जनरेटर आहे की नाही ही माहिती आणा. व्हिडिओही आणा, आम्ही बघू. गणपतीचं काम आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) सुमारास ठरवलं तर तालमीला वेळ उरतो. श्रावणात आलात तर फक्त वायपर मोटरचा देखावा मिळेल.