आइस्क्रीम बीन आणि विलायती चिंच

गोव्यातील रोपवाटिकांमधून ‘आइस्क्रीम बीन’चे रोप विचारणाऱ्यांनी आधी पानाकडे पाहावे, कारण शेंगेतील गोड पांढऱ्या गराच्या वर्णनावरून हे झाड आणि आपली विलायती चिंच यांची सहज गल्लत होते. तशी गल्लत वनस्पतिशास्त्रज्ञांचीही झाली होती. १८०६ साली विल्डेनोव यांनी विलायती चिंचेला आइस्क्रीम बीनच्याच ‘इंगा’ या प्रजातीत घालून ‘इंगा डुल्सिस’ म्हटले, आणि १८४४ मध्ये बेंथम यांनी तिला तिथून काढून आजचे ‘पिथेसेलोबियम’ हे नाव दिले. या ग्रीक नावाचा अर्थ माकडाच्या कानातले डूल असा असून, शेंगेचे वेटोळे पाहिले की तो पटतो. आपले नाव मात्र फसवे आहे, कारण हे झाड मेक्सिको ते दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातले, स्पॅनिश जहाजांतून फिलिपिन्सला पोहोचून पुढे भारतात आलेले, आणि चिंच तर ते नव्हेच.

आइस्क्रीम बीन, म्हणजे इंगा एड्युलिस, ॲमेझॉनच्या वर्षावनातला वृक्ष आहे. त्याच्या पानाच्या मधल्या दांड्याला, पर्णिकांच्या (पानातल्या छोट्या पानांच्या) जोड्यांच्या मधोमध, दोन्ही बाजूंनी पंखासारखी हिरवी पट्टी असते, आणि ही खूण शेंगा लागण्याची वाट न पाहता रोपावरच दिसते. काटे नसतात. विलायती चिंचेच्या पानाला केवळ चार पर्णिका आणि बुडाशी काट्यांची जोडी असते, म्हणूनच ती कुंपणाला लावतात. इंगाची शेंग दोरखंडासारखी पन्हाळीदार असून कधी मीटरभर लांब होते. विलायती चिंचेची वितीएवढीही क्वचित भरते आणि पिकताना लालसर होऊन उकलते. इंगाचा गर म्हणजे बीचीच मऊ, कापसासारखी बाहेरची साल असते, तर विलायती चिंचेत बीच्या देठाकडून वाढलेले मांसल वेष्टन आपण खातो. ते किंचित तुरट लागते आणि मला तेच अधिक आवडते.

लागवडीसाठी खरा फरक बियांत आहे. इंगाची बी वाळवली की मरते, आणि कधी कधी ती शेंगेतच रुजलेली आढळते; त्यामुळे वाळलेल्या बियांचे पाकीट कोणी या नावाने विकत असेल तर ते घेऊ नये. विलायती चिंचेची वाळकी काळी बी मात्र काही महिने टिकते आणि पेरल्यावर लवकर उगवते.

जागेच्या बाबतीतही दोघांचे जमत नाही. जांभ्या दगडाच्या सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावर, पावसाळ्यानंतरच्या कोरड्या महिन्यांत, विलायती चिंच तग धरते. ॲमेझॉनच्या खोऱ्यात कॉफी-कोकोला सावली देणारे इंगा सड्यावर लावणे मला पटत नाही. त्याला लावायचेच असेल तर पाटाचे पाणी उन्हाळ्यातही फिरणाऱ्या कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, पोफळींना अडचण होणार नाही अशा कडेला लावावे, कारण त्याचा डेरा रुंद पसरतो.