घोडे आणि ज्येष्ठ, दोन्हींसाठी निधी मागताना

वरातीतून निवृत्त झालेली घोडी सांभाळायची आणि त्याच आवारात निराधार ज्येष्ठांची सोयही करायची, असं काम करणाऱ्या संस्थेला कंपन्यांचा सीएसआर निधी, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामांवर खर्च करायचा पैसा, मिळू शकतो. कंपनी कायदा, २०१३ च्या सातव्या परिशिष्टात दोन्ही कामं आहेत. मात्र वृद्धाश्रम व ज्येष्ठांची डे-केअर केंद्रं एका नोंदीत आणि प्राणिकल्याण दुसऱ्या. म्हणून अर्ज दोन करा. एकाच प्रस्तावात सगळं कोंबलं की कंपनीवाले बुचकळ्यात पडतात.

हा निधी घोडेवाल्याच्या किंवा आजोबांच्या खात्यात जमा होत नाही, संस्थेलाच मिळतो. विश्वस्त संस्था असेल तर तिची नोंदणी १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली हवी. नवी मुंबईत वाशी-बेलापूरकरांची ही नोंदणी ठाण्याच्या धर्मादाय कार्यालयात होते. खारघर-पनवेल रायगड जिल्ह्यात, त्यामुळे तिकडच्यांनी ठाण्यात खेटे घालू नयेत.

सगळ्यात जास्त घोळ उद्देशांत असतो. संस्थेच्या घटनेत (नियमावलीत) नुसतं ‘समाजोपयोगी कार्य’ लिहिलेलं असेल तर घोड्यांसाठी पैसे मागायला आधार काय? प्राणिसेवा आणि ज्येष्ठसेवा, दोन्ही स्पष्ट लिहिलेल्या हव्यात. दुसरी अडचण विश्वस्तांची. जुने विश्वस्त वारले, नवे आले, पण धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज दिलाच नाही, हे सर्रास दिसतं. बदल झाल्यापासून ९० दिवसांत तो द्यायचा असतो.

कागदपत्रं: नोंदणी प्रमाणपत्र, घटना, पॅन, १२ए आणि ८०जी (आयकर सवलतीच्या नोंदण्या), नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलचा क्रमांक, तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, आणि सीएसआर-१ नोंदणी (सीएसआर निधी घेणाऱ्या संस्थेनं केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे करायची). ही शेवटची १ एप्रिल २०२१ पासून सक्तीची आहे. शिवाय खासगी संस्थेला तीन वर्षांच्या कामाचा अनुभवही दाखवावा लागतो, म्हणजे कालपरवा काढलेल्या संस्थेनं थोडं थांबावं.

अंदाजपत्रकात ‘घोड्यांची देखभाल’ अशी एकच रक्कम टाकू नका. साधारण सहा ते आठ आठवड्यांनी नालबंद येतो, त्याची मजुरी. चारा, जंतनाशक, धनुर्वाताची लस, दात घासून घेण्याचा खर्च, असं सुटं लिहा. प्रत्येक जनावराचा दोन्ही बाजूंनी फोटो जोडा. कपाळावरचा टिळा, पायांचे पांढरे, भोवरे यांची नोंद ठेवा. तपासणीला आलेल्याला कुठली घोडी कुठली ते कळलं पाहिजे. ज्येष्ठांच्या बाबतीत उलट जपावं लागतं: फोटो छापायचा तर त्यांची लेखी संमती घ्या. रात्रपाळीची सेविका आणि डायपर हे मोठे खर्च. लाजून लपवू नका.

सरकारी वाट हवी असेल तर घोड्यांसाठी आधी भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाची मान्यता घ्यावी लागते. ज्येष्ठांच्या निवासासाठी केंद्राच्या अटल वयो अभ्युदय योजनेचा अर्ज ई-अनुदान पोर्टलवर होतो.

पैसे आल्यावर दोन्ही कामांचा हिशेब वेगळा ठेवा. सीएंकडून उपयोगिता प्रमाणपत्र घेताना चाऱ्याचं बिल ज्येष्ठांच्या खात्यात दिसलं, तर पुढचा हप्ता अडकतो.