सकृत्फलन

सकृत्फलन : आयुष्यात एकदाच फुलून-फळून, किंवा एकदाच पिले देऊन, मरून जाण्याची जीवनपद्धती. वारंवार प्रजनन करणाऱ्या आंबा, गवा यांसारख्या सजीवांच्या पद्धतीस बहुप्रसवता म्हणतात. ज्वारी, हरभरा अशा एका हंगामाच्या पिकांमुळे सकृत्फलन शेतकऱ्याच्या नित्य परिचयाचे आहे. अभ्यासकांना कोडे पडले ते अनेक वर्षे नुसती वाढून मग एकदाच फुलणाऱ्या जातींचे. सातारा जिल्ह्याच्या पश्चिम डोंगरपट्ट्यातील कारवी ही त्यांतलीच एक.

संज्ञा : ‘सकृत्’ म्हणजे एकदा. संस्कृत कोशांत ‘सकृत्फला’ हे केळीचे नाव आहे. ते खोडापुरते अचूक आहे, कारण घड उतरला की ते खोड संपते. जमिनीतला गड्डा मात्र जिवंत राहतो व पिलांवर खोडवा घेता येतो. म्हणजे खोड सकृत्फली, झाड नव्हे. अमरकोशात कावळ्यास ‘सकृत्प्रज’ म्हटले आहे. कावळा दरवर्षी घरटे करतो, तेव्हा या शब्दाचा अर्थ ‘आयुष्यात एकदा’ असा न घेता ‘वर्षातून एकदा’ असा घेणे निरीक्षणाशी अधिक जुळते. याच कारणाने प्राण्यांसाठीही ‘सकृत्प्रज’ऐवजी ‘सकृत्प्रसवी’ हा शब्द बरा वाटतो. मनुस्मृतीच्या पहिल्या अध्यायात ओषधींचे लक्षण ‘फलपाकान्त’, म्हणजे फळ पिकताच संपणाऱ्या, असे दिले आहे. आज ‘औषधी’ म्हटले की गुणकारी वनस्पती डोळ्यांपुढे येते. या व्याख्येत मात्र निकष गुणाचा नसून आयुष्यक्रमाचा आहे, हे मुद्दाम लक्षात घ्यावे. इंग्रजीतील ‘सेमेलपॅरिटी’ ही संज्ञा परिसरशास्त्रज्ञ लॅमॉन्ट कोल यांच्या १९५४ च्या निबंधापासून रूढ झाली. तिचे मूळ लॅटिन ‘सेमेल’ (एकदा) या शब्दात मानतात. झ्यूसच्या तेजाने जळून गेलेल्या ग्रीक कथेतील सेमेलीशीही काही जण तिचा संबंध जोडतात. कथा समर्पक असली, तरी ‘इटेरोपॅरिटी’ (बहुप्रसवता) ही जोडसंज्ञा लॅटिनवरूनच घडलेली असल्याने पहिली व्युत्पत्ती अधिक ग्राह्य दिसते.

कोल यांचे कोडे : त्याच निबंधात कोल यांनी एक हिशेब मांडला. दरवर्षी फुलणाऱ्या व कधीच न मरणाऱ्या वनस्पतीइतक्याच वेगाने वाढायला एकवर्षायू वनस्पतीला तिच्यापेक्षा फक्त एक बी जास्त धरावे लागते. मग निसर्गात बहुवर्षायू जाती इतक्या का? १९७३ मध्ये चार्नोव्ह व शॅफर यांनी यातली उणीव दाखवली : कोल यांनी बी आणि वाढलेले झाड दोन्ही सारखीच तगतात असे गृहीत धरले होते. समजा, शंभर बियांतून एकच रोप तगते आणि वाढलेल्या शंभर झाडांतली ऐंशी पुढच्या वर्षी टिकतात. मग एकवर्षायू जातीला एक नव्हे, ऐंशी बिया जास्त धराव्या लागतात. रोपांची मर जास्त असेल तेथे झाड टिकवणे फायद्याचे. झाडाचेच पुढचे वर्ष अनिश्चित असेल तेथे सगळी शिल्लक बियांत घालणे फायद्याचे. १९६७ मध्ये मॅकआर्थर व विल्सन यांनी मांडलेली ‘आर’ (झपाट्याने भरपूर संतती) व ‘के’ (थोडी पण टिकाऊ संतती) निवडीची विभागणी पाठ्यपुस्तकांत अजून आढळते. पण वयानुसार बदलणाऱ्या मृत्युदराचा हा हिशेब तिच्यापेक्षा जास्त उलगडा करतो.

सडा : साताऱ्याच्या पश्चिमेस सुमारे २५ किमी.वर, समुद्रसपाटीपासून सुमारे १,२०० मी. उंचीवर कासचे पठार आहे. पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात २०१२ मध्ये त्याचा समावेश झाला. जांभ्या कातळाच्या अशा उघड्या पठाराला सडा म्हणतात. त्यावर मातीचा थर जेमतेम असतो. पावसाळ्यात पाणी साचते आणि पाऊस सरला की काही आठवड्यांत सगळे वाळून जाते. अशा जागी हिरवे अंग घेऊन उन्हाळा काढणे जवळपास अशक्य. त्यामुळे तेरडा, गेंद, कवला व सीतेची आसवे यांच्या बहुतेक जाती एका पावसाळ्यात उगवून, फुलून, बी टाकून मोकळ्या होतात. आषाढ आमरी, कंदीलपुष्पे व डबक्यांतला वायतुरा यांनी दुसरी वाट धरली आहे : पाने जातात, कंद राहतो आणि पुढच्या पावसात झाड पुन्हा फुलू शकते. एकाच कातळावर, वीतभर अंतरावर, चार्नोव्ह-शॅफर हिशेबाची दोन्ही उत्तरे पाहायला मिळतात.

कारवी : सड्यांच्या उतारांवर व जंगलाच्या कडेला वाढणारे, माणसापेक्षा उंच होणारे झुडूप. वनस्पतिशास्त्रज्ञ ब्रेमेकांप यांनी १९४४ मध्ये तिला स्वतंत्र प्रजातीत (जीनसमध्ये) घातले. जुन्या ग्रंथांत ती स्ट्रोबिलँथिस कॅलोसा या नावाने सापडते. पठारावरची बुटकी, पालथ्या टोपलीसारखी दिसणारी टोपली कारवी ही निराळी जाती. दोघींची गल्लत वारंवार होते. कारवी सुमारे सात वर्षे नुसती वाढते, आठव्या पावसाळ्यात एका टापूतली बहुतेक झुडपे एकदम जांभळी होतात आणि बी धरून वाळून जातात. मुंबईच्या परिसरात २००८, २०१६ व २०२४ ही फुलोऱ्याची वर्षे होती. सर्व टापूंची वर्षे एकच नसतात. दक्षिणेकडील तिची नातलग नीलकुरिंजी बारा वर्षांनी फुलते (२००६, २०१८).

एकदम फुलण्याचे कारण वादग्रस्त आहे. एक मत असे, की सामुदायिक फुलोऱ्याने मधमाश्या मोठ्या संख्येने येतात व परागण साधते. सातेरी व आग्या माश्या त्या वर्षी कारवीवर लोटतात हे खरेच. मात्र एवढ्यासाठी सात वर्षे थांबण्याची गरज पटत नाही. डॅनियल जॅन्झेन यांनी १९७६ मध्ये बांबूबाबत दिलेले स्पष्टीकरण अधिक बळकट दिसते : मधली वर्षे बी खाणाऱ्यांची उपासमार होते, त्यांची संख्या बेताची राहते आणि मग एवढे बी एकदम पडते की खाऊन संपत नाही. राखी रानकोंबड्या कारवीच्या गोतातल्या झुडपांच्या बियांवर जमतात. एखादे झुडूप चुकून वर्षभर आधी फुलले, तर त्याचे मूठभर बी सहज फस्त होईल. म्हणून निवड कळपाबरोबर राहणाऱ्यांची होते. १९९९ मध्ये कीली व बाँड यांनी बांबूसाठी वणव्याचा सिद्धांत मांडला : एकदम वाळलेल्या बेटांमुळे आग लागते व रोपांना उजेड मिळतो. कारवीला तो तसाच लावणे घाईचे होईल.

इतर उदाहरणे : ईशान्य भारतातील मेलोकॅना बांबूचे चक्र सुमारे ४८ वर्षांचे, तेथील १९५९ व २००७ च्या सुमारास आलेला फुलोरा उंदरांच्या उपद्रवामुळे लक्षात राहिला. माण, आटपाडी, जत भागांत बांधांवर लावलेली घायपात दहा-वीस वर्षांनी उंच दांडा टाकून मरते, पण बुडाशी पिले ठेवून जाते. प्राण्यांत पॅसिफिक सॅमन, ऑक्टोपसच्या माद्या व ऑस्ट्रेलियातील अँटेकायनस या उंदरासारख्या लहान शिशुधान प्राण्याचे नर सकृत्प्रसवी आहेत.

उपयोग व ऱ्हास : कारवीच्या काठ्या विणून, वर शेणमाती लिंपून घरांचे कूड करतात. महाबळेश्वर, जावळी, पाटण या तालुक्यांत ही पद्धत जुनी आहे. फुलोऱ्याआधी तोडलेल्या काठीचे बी कधीच पडत नाही. फुलून गेलेली वाळकी काठीही रिकामी नसते. तिच्यावरची बोंडे उन्हाळाभर मिटलेली राहतात आणि पहिल्या पावसाने भिजली की तडतडत फुटून बी उडवतात. त्यामुळे फुलोऱ्यानंतरच्या हिवाळ्यात केलेली सरसकट तोड त्या उतारावरची पुढची पिढीच उचलून नेते. जूनमधला पाऊस होऊन बी उडून गेल्यावर काठ्या काढल्या, तर ही पिढी वाचते.