हाजी मलंग दर्ग्याची वहिवाटदारी

ठाणे जिल्ह्यात अंबरनाथ तालुक्यातील मलंगगडाच्या पीरमाचीवर हाजी अब्दुर रहमान ऊर्फ हाजी मलंग यांचा दर्गा आहे. त्याचा कारभार कल्याणच्या केतकर या ब्राह्मण घराण्याकडे वंशपरंपरेने आला; त्या अधिकाराला वहिवाटदारी म्हणतात. हाजी मलंग बाराव्या शतकात येमेनहून आले, असे सांगतात. हा काळ परंपरेवरच आधारलेला आहे. हे स्थान मच्छिंद्रनाथांची समाधी असल्याचीही श्रद्धा आहे.

केतकरांच्या संबंधाची हकिकत मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरच्या ठाणे खंडात (१८८२) येते. १७८० मध्ये कल्याण परिसरात उतरलेले इंग्रज १७८२ मध्ये परतले, ते संताच्याच प्रभावाने, असे लोकांनी मानले. नवसफेड म्हणून काशीनाथपंत केतकरांच्या हस्ते मोत्यांची झालर असलेली जरीची चादर आणि तिच्यासाठी चांदीचे खांब पाठवण्यात आले. पंतांनी मोडकळीस आलेल्या कबरीचा जीर्णोद्धारही हाती घेतला. त्यासाठी दगड आपोआप घडून आले, ही अर्थात आख्यायिका. पुढे ब्राह्मणाच्या वहिवाटीला कल्याणच्या मुसलमानांनी हरकत घेतली. १८१७ मध्ये कलेक्टरने चिठ्ठ्या टाकून संताचीच इच्छा पाहायचे ठरवले आणि तिन्ही वेळा कौल पंतांच्या प्रतिनिधीकडे गेला. कौल कोणाकडे गेला यापेक्षा ही रीत अधिक बोलकी आहे: संताचा शब्द अखेरचा, हे उभय पक्षांना मान्य होते.

न्यायालयांनी मात्र वहिवाटदाराचा धर्म नव्हे, त्याची जबाबदारी तपासली. सर्वोच्च न्यायालयापुढील १९५४ च्या प्रकरणात हे संमिश्र स्थान हिंदू वा मुस्लिम कायद्याने नव्हे, तर स्वतःच्या रूढीने किंवा न्यासांच्या सर्वसाधारण कायद्याने चालते, अशी भूमिका नोंदली गेली. १९६८ च्या निकालात एक भूखंड दर्ग्याच्याच मालकीचा ठरला. हाताशी असलेली हिशेबाची कागदपत्रे केतकरांनी हजर केली नाहीत, म्हणून न्यायालयाने त्यांच्याविरुद्ध अनुमान काढले. पुराव्याचा भार कोणावरही असो, हाती असलेला कागद दडवता येत नाही, या तत्त्वासाठी हा निकाल आजही वकिलांच्या युक्तिवादांत येतो. वहिवाटदारीचे मर्म त्यातच अधिक स्पष्ट होते.

लोकप्रतिनिधींचा प्रश्न निराळा आहे. १९८० च्या दशकात शिवसेनेचे ठाणे जिल्हाप्रमुख आनंद दिघे यांनी येथे मंदिराचा दावा पुढे केला. १९९६ च्या पूजेला मुख्यमंत्री मनोहर जोशी उपस्थित होते. जानेवारी २०२४ मध्ये मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनीही मलंगगड 'मुक्ती'चा पुनरुच्चार केला. वहिवाटदार स्थानाच्या रूढीला बांधलेला असतो, तर मुख्यमंत्री सर्वांना न्याय्य वागणूक देण्याच्या शपथेला. त्यामुळे पक्षाच्या व्यासपीठावरील श्रद्धा आणि पदाचा शब्द यांत येथे अंतर राहणे अगत्याचे ठरते. माघी पौर्णिमेच्या उरुसाला दोन्ही समाजांचे भाविक गड चढतात.