कार्पल टनेल शस्त्रक्रियेनंतरची सुधारणा

मनगटातील बोगद्यात (कार्पल टनेल) दबलेली मध्य तंत्रिका, म्हणजे हाताकडे जाणारी एक मज्जातंतूची नस, शस्त्रक्रियेने मोकळी केल्यानंतर हात पूर्ववत होण्याची प्रक्रिया. टाके साधारण दोन आठवड्यांत निघतात. हात मात्र पूर्ववत व्हायला काही आठवड्यांपासून वर्षभरापर्यंतचा काळ लागतो. रात्रीच्या मुंग्या, पकडीची ताकद आणि बोटांची बधिरता या तीन गोष्टी तीन वेगळ्या गतींनी सुधारतात. त्यांतली एक मागे राहिली की शस्त्रक्रिया फसली, असे रुग्णाला वाटू लागते. म्हणून या गती आधीच समजावून देणे हा उपचाराचाच भाग मानला पाहिजे.

मणिबंधास्थींची, म्हणजे मनगटातील लहान हाडांची, मिळून तळहाताच्या बाजूस पन्हळीसारखी खोलगट रचना होते. तिच्यावर आडवा मणिबंध-अस्थिबंध हा जाड पट्टा छपरासारखा ताणलेला असतो. या बोगद्यातून बोटे व अंगठा मिटणाऱ्या नऊ कंडरा (स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या दोऱ्या) जातात आणि त्यांच्याबरोबर मध्य तंत्रिका. शस्त्रक्रियेत पट्टा उभा छेदतात, काढून टाकत नाहीत. त्याच्या कडा दुरावतात, मधल्या फटीत व्रण-ऊतक भरते आणि छप्पर थोडे रुंद होऊन पुन्हा सांधले जाते. म्हणजे बरे व्हायच्या गोष्टी दोन : कापलेले छप्पर आणि दबलेली तंत्रिका.

‘मणिबंध’ म्हणजे जिथे मणी बांधतात ती जागा, मनगट. सुश्रुतसंहितेतील 107 मर्मांत मणिबंधाची गणना असून तेथील आघाताने हाताला कुंठता (काम खुंटणे) येते, असे म्हटले आहे. हा उल्लेख आघाताविषयी आहे. तंत्रिका हळूहळू दबण्याच्या विकाराची कल्पना त्यात शोधण्यास पुरेसा आधार दिसत नाही.

ही शस्त्रक्रिया प्रथम कोणी केली, याबद्दल एकमत नाही. मनगटाजवळच्या अस्थिभंगानंतर मध्य तंत्रिका दबल्याचे वर्णन इंग्लंडमध्ये जेम्स पॅजेट यांनी 1854 मध्ये केले. फ्रान्समध्ये प्येर मारी व शार्ल फ्वा यांना 1913 मध्ये शवविच्छेदनात ही तंत्रिका अस्थिबंधाच्या वरच्या बाजूस फुगलेली आढळली. वेळीच अस्थिबंध छेदला तर हात वाचेल, असे त्यांनी सुचवले. पुढे अनेक ग्रंथांत पहिल्या शस्त्रक्रियेचे श्रेय अमेरिकेतील जेम्स लर्मंथ यांच्या 1933 च्या वृत्तांताला दिले जाते. नंतरच्या संशोधनात मात्र कॅनडातील विनिपेग येथे हर्बर्ट गॅलवे यांनी 1924 मध्ये अशी शस्त्रक्रिया केल्याची नोंद पुढे आली. केवळ कालक्रम पाहिला तर गॅलवे यांचा दावा अधिक बळकट वाटतो. पद्धत म्हणून ती रुजली ती मात्र बरीच नंतर. इंग्लंडमध्ये ब्रेन, राइट व विल्किन्सन यांनी 1947 मध्ये कोणत्याही दुखापतीशिवाय दोन्ही हातांत हा विकार झालेल्या रुग्णांचे वृत्त दिले. अमेरिकेतील जॉर्ज फेलन यांनी 1950 नंतर सातत्याने लिहून तो सर्वपरिचित केला. त्यांच्या 1966 च्या लेखात 654 हातांचा अनुभव आहे. जपानमधील ओकुत्सु आणि अमेरिकेतील चाऊ यांनी 1989 मध्ये दुर्बिणीच्या पद्धती मांडल्या.

शस्त्रक्रिया बहुधा जागा बधिर करून होते आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. मध्यरात्री मुंग्यांनी जाग येऊन हात झटकत बसणे अनेकांच्या बाबतीत पहिल्या काही दिवसांतच थांबते. दाब उतरल्याबरोबर तंत्रिकेचा रक्तपुरवठा सुधारतो, हे त्याचे कारण मानले जाते. कित्येक महिन्यांनी सलग झोप लागली, ही रुग्णाच्या तोंडून येणारी पहिली बातमी असते. सूज उतरण्यासाठी पहिले काही दिवस हात उशीवर, छातीपेक्षा उंच ठेवतात. बोटे पहिल्या दिवसापासून पूर्ण मिटायची व उघडायची असतात. ती न हलवल्यास आखडतात, आणि तो ताठरपणा काढणे जखम भरण्यापेक्षा कठीण जाते. पट्टी ओली होऊ देत नाहीत.

मनगटाला पट्टीचा आधार (स्प्लिंट) द्यावा की नाही, हा जुना वाद आहे. पूर्वी दोन ते तीन आठवडे मनगट बांधून ठेवत. छप्पर उघडल्यावर कंडरा धनुष्याच्या दोरीसारख्या पुढे येतील, अशी भीती त्यामागे होती. नंतरच्या तुलनात्मक चाचण्यांत अशा बांधून ठेवण्याचा विशेष फायदा दिसला नाही, आणि मनगट लवकर हलते ठेवण्याकडेच आता बहुतेकांचा कल आहे. काही शल्यविशारद पहिल्या काही रात्रींपुरता आधार देतात. वेदनेसाठी तेवढा दिला तर गैर नाही.

टाके 10 ते 14 दिवसांनी काढतात. त्यानंतर व्रण लाल, टणक आणि हळवा असतो. रोज तेल किंवा मलम लावून बोटाने दाब देत चोळल्यास तो हळूहळू मऊ पडतो. ताकदीचा अनुभव सर्वांत गोंधळात टाकणारा : पहिल्या काही आठवड्यांत पकड शस्त्रक्रियेपूर्वीपेक्षाही कमी होते. ती आधीच्या पातळीवर यायला साधारण तीन महिने लागतात; चिमटीची ताकद त्याआधी परत येते.

तळहाताच्या बुंध्याशी, व्रणाच्या दोन्ही बाजूंच्या मांसल उंचवट्यांत होणारी खोल वेदना, जिला ‘पिलर पेन’ म्हणतात, ती याच काळातली. ती व्रणात नसते, व्रणाच्या आजूबाजूला असते. भाकरी थापताना, जमिनीवरून हात टेकून उठताना, दार ढकलताना तळहाताचा नेमका हाच भाग दाबला जातो. बोटांनी सुई ओवता येते, पण परातीतल्या पिठावर हात टेकवत नाही, अशी विचित्र अवस्था काही आठवडे असते. कारणाबद्दल मतभेद आहेत. पट्टा कापल्यावर हाडांची कमान किंचित रुंदावते व सांध्यांवरचा ताण बदलतो, असे एक मत आहे. अंगठ्याचे व करंगळीचे लहान स्नायू याच पट्ट्यावर उगम पावतात, त्यांचा आधार हलतो, असे दुसरे. त्वचेतील सूक्ष्म तंत्रिका-शाखा छेदल्या जातात, असे तिसरे, तर ऊतकांतील सूज हेच कारण, असे चौथे. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत त्वचा फारशी कापली जात नाही, तरीही ही वेदना होते. त्यामुळे केवळ त्वचेतील शाखांवर बोट ठेवणारे मत अपुरे वाटते. पट्ट्याच्या आधारातील बदल हे स्पष्टीकरण अधिक पटते. वेदना बहुतेकांत तीन ते सहा महिन्यांत ओसरते.

बधिरता सर्वांत सावकाश जाते. केवळ तंत्रिकातंतूच्या वेष्टनाला इजा झाली असेल तर संवेदना काही आठवड्यांत परततात. आतला तंतूच तुटला असेल तर तो नव्याने वाढावा लागतो, आणि ही वाढ दिवसाला सुमारे 1 मिमी धरतात. मनगटापासून मधल्या बोटाचे टोक सुमारे 17 सेंमी मानले तर या हिशेबाने जवळजवळ सहा महिने लागतात. परतीच्या वाटेवर बोटांत टोचल्यासारखे किंवा विजेचा झटका बसल्यासारखे होते, ते घाबरण्यासारखे नसते. सदऱ्याचे बटण किंवा मंगळसूत्राचा आकडा न पाहता लावता येणे, ही घरच्या घरी कळणारी खूण. अनामिकेचा अंगठ्याकडील अर्धा भागच मध्य तंत्रिकेचा असतो. करंगळी मुळापासून बधिर असेल तर कारण दुसरीकडे शोधावे लागते. अंगठ्याच्या बुंध्याचा स्नायू शस्त्रक्रियेपूर्वीच झिजून सपाट झालेला असेल तर तो पूर्ण भरून येईलच, असे सांगता येत नाही. उतारवयात व दीर्घकाळच्या मधुमेहात ही शक्यता आणखी कमी. तरी मधुमेही रुग्णांनाही या शस्त्रक्रियेचा लाभ होतो.

कामावर परतण्याचा काळ कामावर अवलंबून असतो. टेबलावरचे काम एक-दोन आठवड्यांत, कष्टाचे काम चार ते सहा आठवड्यांत किंवा त्यानंतर सुरू होते. दुर्बिणीच्या पद्धतीने सरासरी सुमारे आठवडाभर आधी काम सुरू करता येते. दूरच्या परिणामांत दोन्ही पद्धतींत फारसा फरक आढळत नाही. कपडे पिळणे, भरलेली बादली उचलणे आणि दुचाकीचा ॲक्सिलरेटर पिळणे ही कामे मुठीची पूर्ण ताकद मागतात, म्हणून ती शेवटी.

जखमेतून पू, चढता ताप, वाढती सूज, किंवा हात चकचकीत होऊन स्पर्शही सहन न होणे यांपैकी काही दिसल्यास वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे. रात्रीच्या मुंग्या एकही दिवस न थांबल्यास पट्टा पुरता कापला गेला नसण्याची शक्यता तपासतात. थांबून काही महिन्यांनी परतल्यास तो पुनरुद्भव होय.

तंत्रिकेतून विद्युत-संकेत कसा वाहतो हे मोजणारी तंत्रिकावहन चाचणी शस्त्रक्रियेनंतर लक्षणे पूर्ण गेलेल्या हातातही अनेकदा सामान्य येत नाही. त्यामुळे नंतरच्या आलेखाची तुलना निरोगी हाताच्या आकड्यांशी न करता त्याच हाताच्या आधीच्या आलेखाशी करतात. शस्त्रक्रियेपूर्वीचा कागद म्हणूनच जपून ठेवावा लागतो.