रुबिक्स क्यूब सोडवणे

विस्कटलेल्या ३×३×३ घनकोड्याचे थर फिरवत त्याच्या सहाही बाजू पुन्हा एकेका रंगाच्या करणे, याला रुबिक्स क्यूब सोडवणे म्हणतात. बोलताना ‘क्यूब लावणे’ किंवा ‘जुळवणे’ असेही म्हटले जाते. हे कोडे अगदी शून्यापासून स्वतः उकलणारे थोडे. बाकीचे दुसऱ्याने उकललेली रीत शिकतात, आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. ज्यांनी क्यूब बनवला त्या एर्नो रुबिक यांनाही तो पहिल्यांदा विस्कटल्यावर मूळ जागी आणायला सुमारे महिना लागला होता.

रुबिक (जन्म १३ जुलै १९४४) बुडापेस्टच्या उपयोजित कला अकादमीत शिकवत. त्यांनी १९७४ मध्ये लाकडी नमुना तयार केला. तुकडे सुटे फिरावेत, पण ठोकळा मात्र निखळू नये, ही त्यांच्यापुढची मूळ अडचण होती. रंग दिल्यावर आणि चारदोन वेळा फिरवल्यावरच आपण कोडे करून बसलो आहोत हे त्यांना कळले. १९७७ च्या अखेरीस बुडापेस्टच्या दुकानांत तो ‘जादूचा घन’ या अर्थाच्या हंगेरियन नावाने आला. १९८० मध्ये आयडियल टॉय या अमेरिकी कंपनीने त्याला ‘रुबिक्स क्यूब’ म्हणून जगभर नेले.

रचना आणि खुणा

क्यूबवर ५४ रंगीत चौकोन दिसतात. नवशिक्या या चौकोनांकडे पाहतो आणि तिथेच फसतो, कारण हलतात ते चौकोन नव्हेत, तुकडे. बाहेरून दिसणारे तुकडे २६ : आठ कोपरे (प्रत्येकी तीन रंग), बारा कडा (प्रत्येकी दोन रंग) आणि सहा केंद्रे (एकेक रंग). केंद्रे आतल्या सांगाड्याला खिळलेली असतात. ती जागच्या जागी गरगर फिरतात, पण एकमेकांच्या तुलनेत हलत नाहीत. म्हणून बाजू कोणत्या रंगाची होणार हे तिचे केंद्र ठरवते. नेहमीच्या क्यूबमध्ये पांढऱ्यासमोर पिवळा, निळ्यासमोर हिरवा आणि लालसमोर नारिंगी असतो. कोपरा कधीही कडेच्या जागी जात नाही आणि कड कधीही कोपऱ्यात बसत नाही.

एवढे ध्यानात आले की ‘एक बाजू पांढरी करून दाखवतो’ या घरोघरच्या पराक्रमातला दोषही कळतो. पांढरे नऊ चौकोन एका बाजूला जमले, पण त्या तुकड्यांचे बाजूचे रंग शेजारच्या केंद्रांशी जुळले नाहीत, तर ते तुकडे चुकीच्या जागी बसलेले असतात. बाजू पुरी झालेली दिसते, थर झालेला नसतो.

थर फिरवण्याच्या खुणा गणितज्ञ डेव्हिड सिंगमास्टर यांनी रूढ केल्या. त्या इंग्रजी आद्याक्षरांवर बेतलेल्या आहेत : आर म्हणजे उजवी बाजू, एल डावी, यू वरची, डी खालची, एफ समोरची आणि बी मागची. नुसते अक्षर म्हणजे त्या बाजूकडे तोंड करून पाहिल्यास घड्याळाच्या काट्याच्या दिशेने पाव फेरा. ‘प्राइम’ जोडला की उलट दिशेने, आणि दोनचा आकडा असला की अर्धा फेरा. ‘त्या बाजूकडे तोंड करून’ ही अट विसरली की डी आणि बी हमखास उलटे फिरतात. अशा फेऱ्यांच्या ठरावीक मालिकेला जाणकार ‘अल्गोरिदम’ म्हणतात. आपल्याकडची मुले सरळ ‘फॉर्म्युला’ म्हणतात आणि पाढ्यांसारखा तोंडाने म्हणत हाताने फिरवतात.

थरांची रीत

नवशिक्यांना शिकवली जाते ती थरावर थर चढवण्याची रीत. प्रथम पांढरा क्रॉस, म्हणजे पांढऱ्या केंद्राभोवती चार पांढऱ्या कडांचे अधिकचे चिन्ह. तो सोपा जावा म्हणून आधी पिवळ्या केंद्राभोवती चार पांढऱ्या कडा फुलाच्या पाकळ्यांसारख्या लावतात. मग प्रत्येक कडेचा बाजूचा रंग त्याच रंगाच्या केंद्रासमोर आणून ती बाजू अर्धा फेरा फिरवली की कड खाली पांढऱ्या केंद्राजवळ जाऊन बसते. हा टप्पा पाठ करायचा नसतो, पाहून करायचा असतो. तरीही अनेक शिकवणारे इथेही फॉर्म्युले देतात आणि मुलाची नजर तयार व्हायची पहिली संधी घालवतात.

पांढरी बाजू खाली धरून हवा असलेला पांढरा कोपरा त्याच्या जागेच्या बरोबर वर, समोर उजवीकडे आणायचा आणि आर, यू, आर प्राइम, यू प्राइम ही चार फेऱ्यांची मालिका करत राहायचे. तुकडा कसा उभा आहे त्यानुसार एकदा, तीनदा किंवा पाचदा केल्यावर तो नीट बसतो. हीच मालिका सलग सहा वेळा केली तर क्यूब जसाच्या तसा परत येतो. नव्या विद्यार्थ्याला हे पहिल्याच दिवशी, लावलेल्या क्यूबवर करून दाखवावे. तिसऱ्या-चौथ्या वेळी क्यूब पार बिघडलेला वाटतो आणि सहाव्या वेळी आपोआप जुळतो, हे पाहिलेल्या माणसाची विस्कटण्याची भीती बरीच जाते.

मधल्या थरात चार कडा बसवायच्या असतात. वरच्या थरातली कड उजवीकडे उतरवायला यू, आर, यू प्राइम, आर प्राइम, यू प्राइम, एफ प्राइम, यू, एफ असा फॉर्म्युला आहे. डावीकडे उतरवायला त्याचेच आरशातले रूप. इथे विद्यार्थी पहिल्यांदा अडखळतो, कारण झालेला पांढरा कोपरा मधेच वर उचलला जातो. तो थांबतो, ‘मोडला’ म्हणतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. वास्तविक कोपरा वर येतो तो कडेला सोबत घेऊन खाली उतरण्यासाठी.

क्यूब शिकण्यातली खरी अडचण हीच. पहिल्या थरापर्यंत साधा अंदाज चालतो, कारण मोडायला फारसे काही नसते. पुढे मात्र काहीही दुरुस्त करायचे तर झालेले थोडे मोडावेच लागते आणि ते कसे परत जोडायचे हे ठाऊक असावे लागते. अटकळीने खेळणारे बहुतेक सगळे या टप्प्यावर अडकतात. एकूण मांडण्या ४,३२,५२,००,३२,७४,४८,९८,५६,००० असल्यामुळे नुसत्या नशिबाने पुढे सरकण्याची आशाही नसते.

शेवटच्या थरात आधी पिवळा क्रॉस होतो : एफ, आर, यू, आर प्राइम, यू प्राइम, एफ प्राइम. आडवी रेघ दिसत असेल तर एकदा. मागे डावीकडे कोन करणाऱ्या दोन पिवळ्या कडा असतील तर दोनदा. नुसता ठिपका असेल तर तीनदा, पण मधे क्यूब हातात योग्य वळवून. मग कडा आपापल्या केंद्रांशी जुळवायच्या आणि कोपरे आपापल्या जागी न्यायचे. राहतो तो जागेवर असूनही वाकडा बसलेला कोपरा सरळ करण्याचा भाग.

त्यासाठी आर प्राइम, डी प्राइम, आर, डी. वाकडा कोपरा वर, समोर उजवीकडे धरून त्याचा पिवळा रंग वर येईपर्यंत ही मालिका दोनदा किंवा चारदा करायची. मग हातातला क्यूब न वळवता फक्त वरचा थर फिरवून पुढचा वाकडा कोपरा त्याच जागी आणायचा. या काळात खालचे दोन थर पार विस्कटलेले दिसतात. रडकुंडीला आलेली मुले इथेच क्यूब खाली ठेवतात. पण तो विस्कोट हिशोबातला असतो. मालिका सहाच्या पटीत झाली की खालचे सगळे मूळ जागी येते आणि कोपऱ्यांच्या वाकड्या वळणांची बेरीज अशी असते की सगळे सरळ होईपर्यंतची मालिकांची संख्या नेमकी सहाच्या पटीतच भरते. शेवटच्या चार फेऱ्यांत खालचे दोन थर एकदम जुळतात, आणि वरचा थर फिरवून जागेवर आणला की क्यूब पुरा होतो. चार फेऱ्यांतली शेवटची डी राहून गेली तर मात्र काहीच जुळत नाही, आणि ही चूक जवळजवळ प्रत्येकाकडून एकदा तरी होते.

न सुटणारा क्यूब

सगळे बरोबर करूनही एकच कोपरा वाकडा राहिला तर दोष शिकणाऱ्याचा नसतो. केवळ थर फिरवून एकटा कोपरा वळत नाही, एकटी कड उलटत नाही आणि फक्त दोन तुकड्यांची अदलाबदलही होत नाही. कोपरा तीन प्रकारे, कड दोन प्रकारे आणि अदलाबदल दोन प्रकारे, असे एकूण बारा गट पडतात आणि फेऱ्यांनी एका गटातून दुसऱ्यात जाता येत नाही. म्हणून तुकडे खोलून डोळे मिटून परत बसवले तर बारांत एकदाच तो सुटण्याजोगा निघतो. घरात कुणी स्टिकर सोलून चिकटवले असतील किंवा सैल क्यूबचा कोपरा जोराने पिळला असेल, तर तो आधी दुरुस्त करावा लागतो.

वेग

थरांच्या रीतीने सोडवायला शंभरावर फेऱ्या सहज लागतात. प्रत्यक्षात कोणतीही मांडणी २० किंवा त्याहून कमी फेऱ्यांत सुटते (अर्धा फेरा एकच धरून). टोमास रोकिकी, हर्बर्ट कोसिएंबा, मॉर्ले डेव्हिडसन आणि जॉन डेथरिज यांनी २०१० मध्ये गूगलने दिलेल्या संगणकीय बळावर हे सिद्ध केले. वीस फेऱ्यांची वाट नुसते पाहून शोधणे माणसाच्या आवाक्यातले नाही. त्यामुळे वेगाने सोडवणारेही मधला मार्ग घेतात. सर्वांत रूढ रीत जेसिका फ्रिडरिक यांच्या नावाशी जोडलेली आहे. तीत क्रॉसनंतर कोपरा आणि कड जोडीने बसवतात. मग वरची बाजू पिवळी करण्यासाठी ५७ आणि तुकडे जागेवर नेण्यासाठी २१ प्रसंगांचे फॉर्म्युले पाठ असावे लागतात. ठोकळे बांधत जाणारी जिल रू यांची रीत कमी फेऱ्यांची आणि कमी घोकंपट्टीची आहे.

या टप्प्यावर फॉर्म्युला डोक्यातून हातात उतरतो. ज्याचा हात बसला आहे त्याला ‘तो फॉर्म्युला सांग’ म्हटले तर सांगता येत नाही. क्यूब हातात घेऊन हळू फिरवत स्वतःचीच बोटे पाहावी लागतात, आणि फार हळू फिरवले तर तो मधेच विसरतोही.

पहिली जागतिक स्पर्धा ५ जून १९८२ रोजी बुडापेस्टला झाली आणि मिन थाय या विद्यार्थ्याने ती २२.९५ सेकंदांत जिंकली. २००४ मध्ये वर्ल्ड क्यूब असोसिएशन स्थापन झाली. २०२३ मध्ये अमेरिकेच्या मॅक्स पार्कने ३.१३ सेकंदांचा विक्रम केला, पुढे तोही मोडला. मुंबई-पुण्यासह भारतातल्या अनेक शहरांत याच संघटनेच्या नियमांनी स्पर्धा होतात. क्यूब पाहायला १५ सेकंद मिळतात. पाच प्रयत्नांतला सर्वांत चांगला आणि सर्वांत वाईट वगळून उरलेल्या तीन वेळांची सरासरी धरतात. एका हाताने आणि डोळ्यांवर पट्टी बांधून सोडवण्याचे प्रकारही असतात.

३×३×३ जमू लागल्यावर अनेकजण ४×४×४ घेतात. त्यात खिळलेली केंद्रे नसतात, त्यामुळे कोणती बाजू कोणत्या रंगाची हे स्वतःच लक्षात ठेवून केंद्रे बांधावी लागतात. आणि तिथे जवळपास निम्म्या वेळा शेवटी एकटी कड उलटी राहते. ती खरे तर दोन तुकडे जोडून बनलेली असते, म्हणून क्यूब खोलण्याची गरज नसते. तिच्यासाठी वेगळा फॉर्म्युला आहे, आणि तो बराच लांब आहे.